न चाखता केलेलं आम्लेट

ताप आला की माणसं म्हणतात, तोंडाला चव नाही. मीही म्हणायचे. आता कुणी असं म्हटलं की मला हसू येतं आणि थोडा रागही येतो. चव नसणं फार सोपं असतं हो. नसेल तर नसेल, डोळे मिटून गिळता तरी येतं. माझ्या तोंडाला चव होती, आणि ती एकच होती. पाणी प्यायलं तरी गंजलेल्या नळाला जीभ लावल्यासारखं वाटायचं. वरणभात, चहा, डाळिंब, सगळ्याला तोच नळ. मुळात गोड असलेली गोष्ट तर जास्तच वाईट लागायची.

ही गेल्या श्रावणातली गोष्ट. छातीतली गाठ काढून झाली होती आणि मिरजेच्या एका दवाखान्यात केमोचे डोस चालू होते. सांगलीहून मिरज म्हणजे उशापायथ्याचं अंतर, पण रिक्षात बसून जाऊन यायचं म्हटलं तरी माझा जीव मेटाकुटीला यायचा. डोक्यावर एक केस नव्हता. सुती ओढणी गुंडाळून बसायचे आणि ती सारखी घसरायची. शेवटी मी ती सावरायचंही सोडून दिलं, कुणाला काय बघायचं ते बघू दे.

डोसपेक्षा मला दमवलं ते वजनकाट्यानं. तिथल्या डॉक्टरबाई आधी काट्यावर उभं करायच्या आणि मगच पुढचं बोलायच्या. मागच्या खेपेला काटा बराच खाली गेला म्हणून त्यांनी डोस दिलाच नाही. "घरी जा, खा, अंगात ताकद आणा, मग या." मन घट्ट करून गेलेले आणि तशीच परत आले. असं सारखं पुढं ढकलत गेलं तर औषधाचा उपयोग कमी होतो, हेही त्यांनी सांगितलं. यांना बाजूला नेऊन नव्हे, माझ्या तोंडावर. ते मला आवडलं. पण त्याचा अर्थ असा, की आता सगळं माझ्या खाण्यावर येऊन ठेपलं होतं. श्रावणातल्या एका मंगळवारची नवी तारीख मिळाली.

खरं सांगायचं तर मी आजाराला कंटाळले नव्हते, बरं होण्याच्या खटाटोपाला कंटाळले होते. उठा, खा, ओका, तोंड धुवा, परत खा. घरात येणारा प्रत्येक माणूस विचारायचा, "काय खावंसं वाटतंय?" मला काहीही खावंसं वाटत नव्हतं. मला फक्त त्यांनी विचारायचं थांबवावं असं वाटत होतं. मी काहीतरी मागावं म्हणून सगळे टपून बसलेले, आणि मला मागायला काही सुचायचं नाही.

आणि एका दुपारी पडल्यापडल्या मला गाड्यावरचं चायनीज आम्लेट आठवलं. कुठून आठवलं देव जाणे. आमच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर संध्याकाळी चायनीजचे गाडे लागतात. त्यातला एकजण नूडल्स, मंचुरियन तर करायचाच, पण एक भाज्यांचं आम्लेटही करायचा. मूठभर कोबी, गाजर, ढोबळी मिरची, कांद्याची पात मोठ्या आचेवर परतायची, त्यावर फेटलेली अंडी ओतायची, उलटायचं आणि वरून तपकिरी रंगाचा दाट रस्सा. चीनमधल्या माणसाला दाखवलं तर तो ओळखणार नाही, पण आमच्या सांगलीत त्याला चायनीज म्हणतात आणि विषय संपतो. यांच्या स्कूटरवरून आम्ही दोघं जायचो आणि उभ्याउभ्या खायचो. नाकातून पाणी येईपर्यंत तिखट असायचं.

गाड्यावर जायचं कारण होतं. माझं माहेर साताऱ्याचं. वडील फौजेत होते, त्यामुळं आमच्याकडं अंडी कांद्याबटाट्याच्या टोपलीशेजारीच असायची. सासर मात्र माळकरी. सासूबाई मूळच्या पलूसकडच्या. त्यांना मी आत्या म्हणते, इकडं तशीच रीत आहे. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ, आणि उभ्या जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. खाणाऱ्यांना त्या खाऊ नका म्हणायच्या नाहीत, पण घराचा कायदा ठरलेला होता. अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही. परसात न्हाणीघराशेजारी पत्र्याखाली वेगळी शेगडी, वेगळा तवा, वेगळं उलथनं, खिळ्याला टांगलेलं. तिथंच करा, तिथंच खा, तिथल्याच नळावर चूळ भरा आणि मग आत या. त्यात सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, एकादशी नाही. श्रावणात तर नावच काढायचं नाही. एवढे वार पाळून अंड्याच्या वाट्याला जे उरायचं त्यापेक्षा गाडा बरा. आत्यांना ते माहीत होतं. आम्ही परत आलो की त्या दार उघडायच्या, तोंड फिरवायच्या, आणि न्हाणीत गरम पाणी काढून ठेवलेलं असायचं.

संध्याकाळी हे कामावरून आल्यावर मी सांगितलं, चायनीज आम्लेट खावंसं वाटतंय. हे कुपवाडला एका कारखान्यात फोरमन आहेत. आल्यावर आधी दहा मिनिटं नुसते खुर्चीत बसून राहतात, बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र ताडकन उठले. बायकोनं काहीतरी मागितलं! स्कूटरची किल्ली हातात घेतली आणि दारापर्यंत जाऊन थांबले.

"बाहेरचं चालत नाही की तुला."

"नाही."

"कच्चा कोबीपण नाही."

"नाही. अंडंपण पूर्ण शिजलेलं पाहिजे."

"मग घरी करू की!"

"श्रावण आहे," मी म्हटलं.

ते स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत राहिले. पन्नाशीचा माणूस, हाताखाली एवढी माणसं, पण आईसमोर शाळकरी पोरासारखा उभा. आत आत्या भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. मग आतून आवाज आला, "परसात काय चाललंय ते मला न्हाई दिसत. डोळ्यांत मोतीबिंदू हाय माझ्या."

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन बरेच दिवस झाले होते. सुईत दोरा त्याच ओवून द्यायच्या मला.

माझी कॉट तेव्हा मागच्या पडवीत होती, हवा लागावी म्हणून. पडवी उंबऱ्याच्या बाहेर, त्यामुळं मी तिथं आम्लेट खाल्लं तर कायदाही मोडत नव्हता. पडल्यापडल्या मला परस सगळा दिसायचा. आमची लेक पुण्याला नोकरीला असते, तिनं फोनवर कृतीचा व्हिडिओ पाठवला. यांनी फोन साबणाच्या डबीला टेकवून उभा केला आणि चष्मा नाकावर ओढून कामाला लागले. व्हिडिओतला माणूस भराभर चिरायचा. हे एक फोड करायचे आणि व्हिडिओ थांबवायचे.

पहिलं आम्लेट तव्याला असं चिकटलं की ते खरवडून काढावं लागलं. कोबीचे एवढाले तुकडे. वर काळाभोर सोया सॉस. यांनी कोपरा मोडून तोंडात टाकला आणि म्हणाले, "झकास! गाड्याच्या थोबाडीत मारलीस की रे तू." स्वतःलाच. मग ताटली घेऊन आले. मी घास घेतला. नळ. नुसता नळ नव्हे, अख्खी पाण्याची टाकी. मी वाटीत थुंकले.

"मीठ किती घातलंय? मारायचंय का मला?"

"मी चाखलं की. बरोबर लागलं."

"तुमचं तोंड वेगळं, माझं तोंड वेगळं!"

दुसऱ्या दिवशी यांनी मीठ कमी केलं आणि सॉस वाढवला. तिसऱ्या दिवशी सॉस कमी केला आणि मिरपूड घातली. प्रत्येक वेळी चमच्यानं चाखायचे, मान हलवायचे, परत काहीतरी चिमूटभर टाकायचे, परत चाखायचे. दिवसभर यंत्रांच्या आवाजात उभं राहून आलेला माणूस. नखांत काळं, डोळे तांबडे, आणि परसात वाकून कोबीशी झटापट. मला त्यांची दया यायची आणि दया आली की राग यायचा. तिसऱ्या दिवशी मी ताटली ढकलली ती सरळ फरशीवर गेली. हे खाली बसून एकेक तुकडा गोळा करायला लागले. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. मी भिंतीकडं तोंड करून रडले, आणि रडण्यानंही दमायला झालं म्हणून थांबले.

तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला. "आरं, त्यो कोबी हाय का म्हशीची वैरण?"

आत्या दारात उभ्या होत्या, मोतीबिंदूसकट.

"अगं आई, व्हिडिओत असाच—"

"जळ्ळा त्यो व्हिडिओ. आण हिकडं. कोबीला काय इटाळ नसतोय."

कोबीचा गड्डा त्यांनी आत नेला, धुतला आणि विळीवर बसल्या. विळीचा तो कर्रकर्र आवाज मला पडवीत ऐकू येत होता, न थांबता, एका चालीत. केसासारखा कोबी, काडीसारखं गाजर, पातीच्या बारीक बारीक चकत्या. मग आतल्या गॅसवर त्याला वाफ दिली, म्हणजे कच्चं राहायला नको. ताट आणून त्यांनी बरोब्बर उंबऱ्यावर ठेवलं. ना आत, ना बाहेर. यांनी ते बाहेरून उचललं. तसंच ठरून गेलं मग. भाजी आतली, अंडं बाहेरचं, आणि उंबऱ्यावर देवघेव.

"आन् तू सारखं सारखं चाखतोस कशापायी?" त्यांनी यांना विचारलं.

"चाखल्याशिवाय कळणार कसं?"

"मी इतकी वरसं निवदाचा सैपाक केला, कवा चाखला? देवाच्या आदी आपल्या तोंडात घालतंय व्हय कुणी?"

"मग मीठ कसं कळतं तुला?"

"ज्येच्यासाठी करायचं त्येच्याकडं बगायचं. तू आपल्या जिभंकडं बगतोयस. आन् ह्यो देव तर बोलतोय बी. कावतोय, ताट फेकतोय. आनी काय पायजे तुला?"

एवढ्या वैतागातही मला हसू फुटलं. हेही हसले. आत्या मात्र हसत नव्हत्या, त्या खरंच सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या कॉटशेजारी पाट टाकून बसल्या. समोर चारपाच वाट्या मांडल्या. "हात कर," म्हणाल्या. मी तळवा पुढं केला, आणि तीर्थ द्यावं तसं त्यांनी पळीनं त्यावर थेंबभर घातलं. मिठाचं पाणी. त्या माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "न्हाई." मग गुळाचं पाणी. "न्हाई." मग चिंच. "थोडं." मग लिंबू पिळलेलं आल्याचं पाणी. मी काहीच बोलले नाही, पण त्या म्हणाल्या, "ह्ये." सोया सॉसची बाटली त्यांच्या लेखी अंड्याच्याच जातीची, म्हणून ती परसात असायची. यांनी दुरूनच झाकण उघडून माझ्या हातावर थेंब टाकला, आणि माझा चेहरा बघून आत्या म्हणाल्या, "सापडला बग तुजा नळ. फेक ती बाटली."

असा आमचा चायनीज रस्सा ठरला. मीठ नाही, सॉस नाही. आलं, लसणाची एक पाकळी, लिंबू, थोडी चिंच. व्हिडिओत दाटपणासाठी कॉर्नफ्लोअर सांगितलं होतं. आत्यांनी पाण्यात ज्वारीचं पीठ कालवलं आणि अंबील करावी तसं ते हळूहळू रटरटत ठेवलं. आम्लेटवर अंबील ओतून तिला चायनीज म्हणणारं घर दुसरं नसेल. पण त्या संध्याकाळी मी अर्धं आम्लेट खाल्लं. नळ गेला नव्हता. पण आल्याचा चटका आधी लागायचा आणि नळ मागून यायचा, तेवढ्या वेळात घास गिळून होत होता.

मग रोजचंच झालं. हे सकाळी कुपवाडला जायच्या आधी एक करायचे आणि संध्याकाळी आल्यावर एक. चाखायचं त्यांनी बंद केलं. आत्या रस्सा करायच्या आणि मी खाताना समोर बसायच्या. दुसऱ्या दिवशीचं लिंबू त्यावर ठरायचं. कधी पोटात राहायचं, कधी नाही. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, छान, चेहऱ्यावर तरतरी आली. कसली तरतरी. माझं मला माहीत होतं. मी खात होते ते सगळे बघत होते म्हणून. आतून एक एक दिवस जड होत चालला होता. काटा चढला तर काय, डोस मिळणार. डोस मिळाला की परत तेच, पहिल्यापासून. रात्री झोपताना वाटायचं, उद्या कुणी उठवलंच नाही तर किती बरं.

मंगळवारी मिरजेला जायचं होतं. आदला दिवस म्हणजे श्रावणी सोमवार. सकाळपासून भुरभुर चालू होती, पडवीत ओल येत होती, म्हणून यांनी माझी कॉट आत मधल्या खोलीत आणली. त्यामुळं सकाळचं आम्लेट मी पडवीत खुर्चीवर बसून खाल्लं आणि अर्ध्या तासात सगळं बाहेर पडलं. दिवसभर नुसतं पाणी, तेही घोटघोट. आत्यांचा उपास. त्या पूजा आटोपून गप्प आपलं काम करत होत्या.

संध्याकाळी यांचा फोन आला. कारखान्यात एक यंत्र बंद पडलं होतं, माल सकाळी जायलाच हवा होता. उद्याची रजा हवी तर आजचं काम उरकूनच निघा, असं साहेबांनी सांगितलेलं. "यायला लय उशीर होईल गं," हे म्हणाले. "काहीतरी खाऊन घे. भात खा, काहीही खा. उद्या काटा आहे." आवाज इतका दमलेला होता की मी बरं म्हटलं.

दिवेलागण झाली. आत्यांनी देवापुढं दिवा लावला. उपास सोडायचा म्हणून त्यांचा वरणभात, एक भाजी करून झाकून ठेवली होती. माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"काय खातीस?"

"काही नको."

"आगं, उद्या काटा हाय."

"उद्या जायचंच नाही मला."

त्या थांबल्या. मीही थांबायला हवं होतं, पण तोंडातून निघतच गेलं. "आत्या, कंटाळा आलाय मला. बरं व्हायचाच कंटाळा आलाय. किती दिवस तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत बसणार? आणि यांनी किती दिवस त्या शेगडीपुढं उभं राहायचं? राहू दे आता. जेवढं झालं तेवढं पुष्कळ झालं. उद्या मला उठवू नका."

मला वाटलं त्या रडतील, नाहीतर रागावतील. पोरीचं नाव काढतील, कारण सगळे तेच करायचे. त्यांनी काहीच केलं नाही. माझ्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि आत गेल्या. मला वाटलं, जेवायला बसल्या असतील. मनात म्हटलं, चला, एकानं तरी ऐकलं.

मग मागच्या दाराची कडी वाजली.

मी थोडा वेळ तशीच पडून राहिले. परसातून तव्याचा आवाज आला. हे तर आले नव्हते. मी उठले, भिंत धरधरून स्वयंपाकघरापर्यंत गेले, आणि खिडकीला टेकून उभी राहिले.

पत्र्याखालचा बल्ब लागलेला. आत्यांनी पदर कमरेला खोचला होता. गळ्यातली माळ फिरवून पाठीवर टाकली होती. शेगडीवर तवा तापत होता, शेजारी चिरलेल्या भाजीचं ताट, आणि हातात सांडशी. घरातली सांडशी, रोज दुधाचं पातेलं उतरवायची. तिच्या तोंडात अंडं धरलेलं. मान दुसरीकडं वळवून त्या ते वाडग्याच्या काठावर आपटायला गेल्या, आणि सांडशी जरा जास्तच दाबली गेली. अंडं फुटलं ते सगळं त्यांच्या हातावर. पिवळं बोटांतून मनगटावर, मनगटावरून लुगड्यावर आलं.

त्या तशाच उभ्या राहिल्या, हात लांब धरून. श्रावणी सोमवार, निरंकार उपास, आणि हातावर अंडं. मला वाटलं आता त्या नळाखाली हात धरतील आणि रडत आत येतील.

त्यांनी सांडशी खाली ठेवली. मान मागं वळवून, पाठीवरच्या माळेला सांगावं तसं म्हणाल्या, "पांडुरंगा, जरा तिकडं बग." आणि दुसरं अंडं हातानंच उचललं.

मी परत येऊन कॉटवर पडले. धाप लागली होती. आत्यांची पावलं पडवीतून आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबली, आणि आत आली. या घरात मी नांदायला आल्यापासून त्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलं नव्हतं.

त्यांनी ताटली माझ्या मांडीवर ठेवली. आम्लेट एका बाजूनं करपलेलं, मधे दुमडलेलं, वर रस्सा. पाट ओढून त्या समोर बसल्या आणि माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या.

मी घास घेतला. दाताखाली कच्चकन आलं. टरफल. एक नव्हे, चांगले दोनतीन तुकडे. थुंकायला वाटी हाताशीच होती. पण समोर आत्या होत्या, आणि त्यांना माझ्या चेहऱ्यावरचं सगळं कळतं हे मला पक्कं माहीत झालं होतं. भुवई हलली असती तरी त्यांनी ओळखलं असतं. मी भुवई हलू दिली नाही. चावलं, बारीक केलं आणि गिळलं. मग दुसरा घास. त्यातही होतं. खोटं कशाला सांगू, चव काही वेगळी नव्हती, नळ होताच. पण मी एकेक घास करत सगळं आम्लेट संपवलं, ताटलीतला रस्साही बोटानं पुसून घेतला. केमो सुरू झाल्यापासून अख्खी ताटली संपवल्याची ती पहिली वेळ.

"टरफल न्हाई न्हवं आलं?"

"नाही."

"मीठ?"

"बरोबर आहे."

"घातल्यालंच न्हाई," त्या म्हणाल्या, आणि ताटली उचलून परसात गेल्या.

नळावर भांडी घासल्याचा आवाज आला. मग न्हाणीत डोक्यावरून पाणी घेतल्याचा. गरम पाणी काढलेलं नव्हतं, मला माहीत होतं. त्या आल्या तेव्हा केस ओले, लुगडं बदललेलं, आणि माळ परत पुढं आली होती. देवापुढं जाऊन हात जोडले. मग स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि मला दिसेल अशा मधल्या दारात येऊन बसल्या. दिवसभराचा उपास. वरणभात गार झालेला. त्यांनी घास कालवला, हातात घेतला, आणि तो तसाच धरून माझ्याकडं बघितलं.

"उद्या किती वाजता निघायचं?"

माझ्या दातात टरफलाचा एक कण अडकला होता. तो मी जिभेनं काढत होते, आणि त्या घास धरून बसल्या होत्या.

"आठला," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि मग घास तोंडात घातला.